मिवान बांधकामाच्या फ्लॅटमध्ये वायफाय आतल्या खोलीत का पोहोचत नाही, आणि त्यावर कोणता खर्च करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रस्त्यावर वाघबीळजवळच्या एका संकुलात १९व्या मजल्यावर तीन बेडरूमचा फ्लॅट आहे आणि ३०० एमबीपीएसची फायबर जोडणी घेतलेली आहे. दिवाणखान्यात टीव्हीमागे ठेवलेल्या राउटरजवळ २८० पर्यंत वेग मिळतो. मात्र ज्या आतल्या बेडरूममध्ये बसून प्रश्नकर्त्या घरून काम करतात तिथे तो १२वर येतो, आणि दार लावले की व्हिडिओ कॉल तुटतो. एक ‘बूस्टर’ विकत घेऊन झाला, फरक पडला नाही. आता दुकानदार वायफाय ७चा, म्हणजे वायफायच्या नव्या पिढीचा, तीन नगांचा मेश संच (घरात ठिकठिकाणी ठेवायचे, एकमेकांशी बोलून एकच वायफाय देणारे राउटर) सुचवतो आहे आणि इंटरनेट कंपनीचा प्रतिनिधी ५०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या म्हणतो आहे. यांपैकी काय करावे, सासूबाईंचे फोनवरचे बोलणे दिवाणखान्यातून आत जाताना का तुटते, आणि वीज गेल्यावर इंटरनेट चालू ठेवता येईल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांत आणि लहान कार्यालयांत नेटवर्क बसवण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि गेल्या काही वर्षांत याच प्रकारची तक्रार सर्वांत जास्त वेळा ऐकतो. आधी निर्णय सांगतो आणि मग कारणे देतो. प्लॅन वाढवू नका, तीन नगांचा मेश घेऊ नका, आणि त्या पैशांतला थोडा भाग खर्चून आतल्या खोलीपर्यंत एक केबल ओढून घ्या. भिंत आणि तिच्यापलीकडचा फोन यांच्यातला हा प्रश्न आहे. इंटरनेट कंपनीचा वेग आपल्या घरात व्यवस्थित येऊन पोहोचला आहे, हे राउटरजवळच्या २८०वरूनच सिद्ध होते. तो ५०० झाला तरी आतल्या खोलीत १२चे १२च राहतील.

घोडबंदर रस्ता, कोलशेत, माजिवडा या भागांत, तसेच खाडीपलीकडे खारघर आणि उलवे येथे गेल्या दशकात उभ्या राहिलेल्या बऱ्याच उंच इमारती मिवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून बांधलेल्या आहेत. या पद्धतीत स्लॅब आणि भिंती एकाच वेळी काँक्रीटने ओतल्या जातात. त्यामुळे दोन खोल्यांमधली भिंतही विटांची नसून सळ्यांची जाळी घातलेल्या भरीव काँक्रीटची असते, आणि इमारतीचा भार पेलणाऱ्या सांगाड्याचा ती भाग असते. बांधकाम झपाट्याने होते, भिंती सरळ येतात, गळती कमी होते. पण रेडिओ लहरींच्या दृष्टीने प्रत्येक खोली ही एक वेगळी पेटी होऊन बसते. नौपाड्यातल्या किंवा पाचपाखाडीतल्या जुन्या चार मजली इमारतींत, किंवा वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको वसाहतींत, साडेचार इंची विटांच्या भिंतीपलीकडे जो राउटर सहज चालतो, तोच राउटर आपल्या फ्लॅटमध्ये आणला की निरुपयोगी वाटू लागतो. लोक मग राउटरला दोष देतात आणि नवा घेतात.

भिंतीतून जाताना होणारी घट डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबलची घट म्हणजे शक्ती एक दशांश उरणे आणि २० डेसिबलची घट म्हणजे एक शतांश उरणे. प्लास्टर केलेली विटांची पातळ भिंत साधारणपणे पाच-सात डेसिबल खाते. वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालते. काँक्रीटची भिंत तिच्या जाडीनुसार आणि सळ्यांच्या रचनेनुसार २.४ गिगाहर्ट्झवर १० ते १५ आणि ५ गिगाहर्ट्झवर त्याहूनही बरेच जास्त डेसिबल खाऊ शकते. त्यातही लहर भिंतीवर सरळ न पडता तिरकी पडली, तर तिला काँक्रीटमधला लांबचा रस्ता कापावा लागतो. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यातल्या राउटरपासून आतल्या खोलीपर्यंतची रेषा नकाशावर काढून पाहिली, तर ती बहुधा दोन भिंतींतून तिरपी जाते आणि मध्ये कुठेतरी स्वयंपाकघरातला फ्रिज, बाथरूमच्या टाइल्सआडचे नळ किंवा आरसा लावलेले कपाट येते. अशा दोन भिंतींमागे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळजवळ संपतो, फोन नाइलाजाने २.४ गिगाहर्ट्झवर उतरतो, आणि त्या पट्ट्यावर आधीच शेजारच्या घरांतल्या राउटरांची दाटी असते. १२ एमबीपीएस हा आकडा तिथून येतो.

दार लावल्यावर कॉल तुटतो, ही आपण लिहिलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. काँक्रीटच्या तुलनेत लाकडी दार फारच कमी सिग्नल अडवते, तरी एवढा फरक पडतो. म्हणजे आतल्या खोलीत येणारा सिग्नल मुळात भिंतीतून येतच नाही. तो दिवाणखान्यातून पॅसेजमध्ये वळून, दोन-तीनदा आपटून, दाराच्या पोकळीतून आत शिरतो, आणि इतका काठावर येतो की दाराची थोडीशी घटही त्याला सोसत नाही. मिवानच्या घरांत सिग्नलचा खरा रस्ता हा पॅसेज असतो, आणि पुढचे सगळे उपाय ही गोष्ट लक्षात ठेवूनच करायचे असतात.

काहीही विकत घेण्याआधी अर्धा तास मोजमापाला द्यावा. अँड्रॉइड फोनवर वायफाय ॲनालायझर प्रकारातले कोणतेही साधे ॲप चालेल. आयफोनवर इतर ॲपना सिग्नलचा आकडा दाखवता येत नाही, म्हणून ॲपलचेच एअरपोर्ट युटिलिटी हे ॲप घेऊन फोनच्या सेटिंग्जमध्ये त्यातला वायफाय स्कॅनर चालू करावा. मॅक संगणकावर ऑप्शन कळ दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की तोच आकडा दिसतो. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५०च्या आसपास उत्तम समजावे. उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त चालतो, उणे ७५ला कुरकुर सुरू होते आणि उणे ८०च्या पलीकडे वायफायचे चिन्ह दिसत असले तरी काम होत नाही. राउटरपासून दोन मीटरवर, पॅसेजमध्ये आतल्या खोलीच्या दाराबाहेर, आणि दार लावून प्रत्यक्ष टेबलाशी बसून, असे तीन ठिकाणचे आकडे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झसाठी वेगवेगळे लिहून ठेवावेत. एक सूचना अँड्रॉइडवाल्यांसाठी: आवृत्ती ९पासून ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा नव्याने स्कॅन करता येते, त्यामुळे आजूबाजूच्या नेटवर्कांची यादी पाहताना जागा बदलल्यावर लगेच दिसणारा आकडा शिळा असू शकतो, थोडे थांबावे.

दुसरे मोजमाप याहून उपयोगी आहे आणि ते फारसे कोणी करत नाही. आतल्या खोलीत लॅपटॉपवरून आधी आपल्याच राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्याला, आणि मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पाच-पाच मिनिटे सतत पिंग (छोटा संदेश पाठवून त्याचे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालवून ठेवावे. राउटरपर्यंतचा वेळ दोन-पाच मिलिसेकंदांवर स्थिर असेल आणि बाहेरचा मात्र उड्या मारत असेल, तर दोष कंपनीच्या बाजूला आहे आणि तक्रार नोंदवायला तोच पुरावा आहे. राउटरपर्यंतचाच वेळ मध्येच १०० किंवा २०० मिलिसेकंदांवर जात असेल, तर दोष घरातला आहे आणि कंपनीला कितीही फोन केले तरी तो जाणार नाही. व्हिडिओ कॉलला मुळात तीन-चार एमबीपीएस पुरतात, चार-के चित्रपटालाही १५च्या आसपास पुरे होतात. कॉल तुटतो तो वेगाअभावी नव्हे, या उड्यांमुळे. आपल्या वर्णनावरून दुसरी शक्यता मला जवळजवळ निश्चित वाटते, तरी मोजून घ्यावे, कारण दोन्ही दोष एकाच वेळी असलेली घरेही मी पाहिली आहेत.

आता उपायांकडे वळू. सर्वांत स्वस्त उपाय जागा बदलण्याचा आहे. टीव्हीमागे, कपाटात, किंवा बिल्डरने मुख्य दाराजवळ दिलेल्या पत्र्याच्या पेटीत राउटर ठेवू नये. ही पत्र्याची पेटी तारा एकत्र आणण्यासाठी असते, आणि तिच्यात राउटर ठेवून झाकण लावणे म्हणजे दिवा पेटवून त्यावर हंडा पालथा घालण्यासारखे आहे. फायबरची केबल सुतळीहून फार जाड नसते आणि कंपनीचा तंत्रज्ञ ती पॅसेजच्या तोंडापर्यंत वाढवून देऊ शकतो. दिवाणखाना आणि तिन्ही बेडरूमची दारे जिथून दिसतात अशा जागी, दाराच्या चौकटीहून वर, भिंतीवर राउटर लावला, तर दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये अनेकदा प्रश्न तिथेच सुटतो. फायबरला टोकदार कोपऱ्यात मुडपू नये आणि हिरव्या टोकाच्या जोडणीला बोट लावू नये. राउटरवर एलओएस नावाचा लाल दिवा लागला, तर प्रकाश पोहोचत नाही असे समजावे. तीन बेडरूमच्या घरात मात्र जागा बदलून परिस्थिती सुधारते, पण दार लावून काम करण्याची खात्री मिळत नाही. म्हणून आपल्याला पुढच्या पायरीवर जावे लागेल.

आपण घेतलेल्या बूस्टरने फरक का पडला नाही, तेही सांगतो. बूस्टर किंवा रिपीटर सिग्नल निर्माण करत नाही, आलेला सिग्नल ऐकून तोच पुन्हा बोलतो. साधे रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे वेग निम्मा होतो. आणि तो बहुतेक लोक जिथे सिग्नल नाही त्या खोलीतच लावतात, म्हणजे त्याला ऐकूच येत नाही ते तो पुढे सांगणार काय? तो फेकू नका. पॅसेजमध्ये, राउटर नजरेच्या टप्प्यात राहील अशा प्लगमध्ये लावून केबलचे काम होईपर्यंत चालवा.

‘जास्त ताकदीचा’, सहा-आठ अँटेना असलेला राउटर हा दुसरा मोह. राउटरची प्रक्षेपणशक्ती सरकारी मर्यादेत बांधलेली असते आणि संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. राउटरचे बोलणे फोनला ऐकू आले तरी फोनचा तुलनेने क्षीण आवाज भिंतींमधून परत राउटरपर्यंत जायला हवा, आणि फोनची अँटेना तर आपण बदलू शकत नाही. पूर्ण रेषा दिसत असूनही पान उघडत नाही, असा जो अनुभव येतो, त्यामागे बहुधा हीच एकतर्फी अवस्था असते.

मेश संच वाईट नसतात, पण ते कशावर चालतात हे समजून घ्यायला हवे. खोक्यावर छापलेले चौरस फुटांचे आकडे मोकळ्या जागेतले असतात. मेशचे दोन नग एकमेकांशी वायफायनेच बोलत असतील, तर त्यांच्यामध्येही तीच काँक्रीटची भिंत असते. बेडरूममधला नग फोनला पूर्ण रेषा दाखवेल, आणि त्याचा स्वतःचा दिवाणखान्याशी असलेला दुवा मात्र रडतखडत चालेल. वायफाय ७ची प्रमाणपत्रे जानेवारी २०२४पासून मिळू लागली आणि ३२० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनेल (पट्ट्यातला राउटर वापरतो तेवढा भाग) ही त्याची मुख्य मिरवण्याची गोष्ट आहे, पण तो चॅनेल ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच मिळतो, आणि त्या पट्ट्याच्या लहरी काँक्रीटपुढे ५ गिगाहर्ट्झहून दुबळ्याच ठरतात. ३०० एमबीपीएसच्या जोडणीवर, आपल्या फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये वायफाय ७ नसताना, त्या संचाचे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. वायफाय ६चा, गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) पोर्ट असलेला, दोन पट्ट्यांचा साधा राउटर दुसरा अॅक्सेस पॉइंट (मुख्य राउटरला केबलने जोडलेले, वायफाय देणारे उपकरण) म्हणून पुष्कळ झाला, आणि तो संचाच्या किमतीच्या लहानशा भागात मिळतो.

म्हणजे केबल. भिंत फोडून केबल नेण्याचा विचारही करू नये. मिवानची भिंत इमारतीचा भार पेलते. सोसायटी तिला हात लावू देत नाही आणि देऊही नये. सुदैवाने काँक्रीट ओतण्याआधीच भिंतीत आणि स्लॅबमध्ये पीव्हीसी पाइप टाकलेले असतात. आपल्या प्रत्येक बेडरूममध्ये टीव्हीचा किंवा टेलिफोनचा पॉइंट असेल. त्याची प्लेट स्क्रू काढून उघडून पाहावी. आत जुनी टेलिफोनची तार किंवा डिश टीव्हीची काळी-पांढरी जाड केबल निघते आणि तिचे दुसरे टोक बहुधा मुख्य दाराजवळच्या त्या पत्र्याच्या पेटीत किंवा दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या भिंतीवर असते. ताब्याच्या वेळी मिळालेल्या कागदपत्रांत विजेच्या कामाचा नकाशा असेल तर शोध सोपा होतो. पडून असलेल्या त्या जुन्या केबललाच नव्या केबलचे टोक घट्ट बांधून, चिकटपट्टीने गुळगुळीत करून, एकाने ओढायचे आणि दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने ढकलायचे. दोन माणसे लागतात, आणि ओढणाऱ्याला घाई असून चालत नाही. जुनी केबल मध्येच तुटली, तर रस्ता दाखवायला काही उरत नाही.

कधी कधी ओतकामाच्या वेळी पाइपमध्ये सिमेंटचे पाणी शिरून तो बंद झालेला असतो. अशा वेळी जबरदस्ती न करता स्कर्टिंगच्या वरून किंवा दाराच्या चौकटीला लागून पांढरी केसिंग-कॅपिंगची पट्टी मारावी. पॅसेजमध्ये फॉल्स सीलिंग असेल, तर तिथून नेली की दिसतही नाही. एक गोष्ट मात्र कोणी कितीही सोपी म्हणून सांगितली तरी करू नये: विजेच्या तारांच्या पाइपमधून नेटवर्कची केबल नेऊ नये. त्यात सिग्नलचा गोंधळ होतो हे एक, आणि विजेच्या तारेचे आवरण सोलले गेले तर २३० व्होल्ट थेट राउटरपर्यंत येऊ शकतात हे जास्त महत्त्वाचे.

केबल कॅट ६ची घ्यावी. घरातल्या अंतरासाठी कॅट ५ई देखील १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट देते, पण किमतीतला फरक थोडा आहे आणि पाइपमधून केबल पुन्हा कोण ओढणार? पाहायचे ते तिच्यातल्या धातूकडे. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, सीसीए म्हणून ओळखली जाणारी केबल कॅट ६च्या नावाने सर्रास विकली जाते. ती हलकी लागते, वाकवली की लवकर मोडते, आणि तारेचे टोक ब्लेडने खरवडले की आतून पांढरट दिसते. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत अशा तारांची टोके काही पावसाळ्यांतच खराब झालेली मी पाहिली आहेत. शुद्ध तांब्याची केबल मागावी आणि दुकानातच टोक खरवडून पाहावे. प्रामाणिक दुकानदाराला त्यात वावगे वाटत नाही.

टोके बसवण्याचे काम इलेक्ट्रिशियन करतो, पण त्याची तपासणी आपण करावी. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १०० एमबीपीएससाठी चारच तारा पुरतात, एक गिगाबिटसाठी आठही लागतात. त्यामुळे एखादी तार नीट बसली नाही तरी इंटरनेट ‘चालते’, इलेक्ट्रिशियन पैसे घेऊन जातो, आणि वेग ९५च्या पुढे का जात नाही याचे कोडे घरमालकाला वर्षभर पडून राहते. तो घरात असतानाच लॅपटॉप त्या केबलला जोडावा आणि नेटवर्कच्या माहितीत दुव्याचा वेग १००० एमबीपीएस दिसतो ना ते पाहावे. १०० दिसला, तर टोक पुन्हा बसवायला सांगावे. टोक नीट असूनही १०० दिसला, तर कंपनीच्या राउटरवरचा पोर्ट तपासावा. काही स्वस्त राउटरवर एकच पोर्ट गिगाबिटचा असतो आणि बाकीचे १००चे असतात.

आतल्या खोलीत केबलच्या टोकाला दुसरा राउटर जोडताना त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ निवडावा. तसे न करता राउटर म्हणूनच जोडला, तर घरात दोन वेगळी नेटवर्के तयार होतात, आतल्या खोलीतून दिवाणखान्यातला प्रिंटर दिसत नाही, आणि टीव्हीवर फोनमधले चित्र पाठवता येत नाही. दोन्हीकडे वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवावा. चॅनेल मात्र वेगळे ठेवावेत: ५ गिगाहर्ट्झवर एकाला ३६ आणि दुसऱ्याला १४९, तर २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ यांपैकी दोन, आणि २.४ची रुंदी २० मेगाहर्ट्झ. अनेक राउटर ही रुंदी कारखान्यातूनच ४० ठेवून पाठवतात, जी उंच इमारतीत स्वतःलाही त्रास देते आणि शेजाऱ्यालाही. ५ गिगाहर्ट्झवर ही काळजी तुलनेने कमी असते, कारण जी भिंत आपला सिग्नल अडवते तीच शेजारचाही अडवते. मिवानच्या भिंतीचा एवढा एक उपकार मानायला हरकत नाही.

फोन एका अॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर केव्हा उडी मारायची हे स्वतः ठरवतो, आणि बरेच फोन जुन्याला चिकटून राहतात. दोन्ही अॅक्सेस पॉइंट पूर्ण ताकदीने चालवले, तर हे चिकटणे वाढते. म्हणून ताकद मध्यम ठेवावी, विशेषतः २.४ची. ताकद कमी केल्याने वायफाय सुधारते, हे ग्राहकाला पटवताना मला दर वेळी कष्ट पडतात, पण पॅसेजमधून आत-बाहेर फिरून पाहिले की पटते.

सासूबाईंच्या फोनचे बोलणे तुटण्याचे कारण इथेच सापडते. उंच मजल्यांवर मोबाइलचा सिग्नल बेभरवशाचा असतो, कारण टॉवरच्या अँटेना खालच्या वस्तीकडे झुकवलेल्या असतात आणि त्याच वेळी दूरचे अनेक टॉवर खिडकीतून दिसत असतात. त्यात काँक्रीट आहेच. म्हणून फोन वायफाय कॉलिंगचा, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल नेण्याच्या सोयीचा, आधार घेतो. त्या बोलत बोलत दिवाणखान्यातून आत जातात, वायफाय क्षीण होत जाते, फोन शेवटपर्यंत त्याला धरून ठेवतो आणि सोडतो तेव्हा मोबाइलचा सिग्नल कॉल उचलून धरण्याइतका नसतो. आतल्या खोलीत दुसरा अॅक्सेस पॉइंट आला की हे बहुतांशी थांबेल. तोवर त्यांच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग बंद करून दोन दिवस पाहावे. खिडकीजवळ बसून बोलणाऱ्यांना कधी कधी त्यानेच बरे पडते. शयनगृहात राउटर नको, अशी घरातल्या ज्येष्ठांची शंका असते, म्हणून एक वाक्य: घरगुती वायफायच्या पातळीवर आरोग्याला अपाय होतो असे आजवरच्या संशोधनातून सिद्ध झालेले नाही, आणि तरीही मन राजी नसेल, तर रात्री त्या एका नगाचा स्विच बंद करायला काहीच अडचण नाही.

केबल ओढणे कोणत्याच मार्गाने जमले नाही, उदाहरणार्थ घर भाड्याचे आहे आणि मालक पट्टीही मारू देत नाही, तर मेशचा विचार करावा. मात्र दोन नगांचा, आणि नगांना आपापसांत बोलायला वेगळा तिसरा रेडिओ असलेला. दुसरा नग बेडरूममध्ये न ठेवता पॅसेजमध्ये, पहिल्यापासून सरळ रेषेत दिसेल असा ठेवावा. विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेणारे प्लगही मिळतात. ते घरातल्या वायरिंगवर इतके अवलंबून असतात की परत करण्याची सोय असेल तरच घ्यावेत.

राहिला विजेचा प्रश्न. महावितरणचा पुरवठा खंडित झाल्यावर संकुलाचा जनरेटर लिफ्ट आणि जिने सांभाळतो, घरातले सॉकेट बहुतेक ठिकाणी नाही. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस यावर पुरेसा आहे. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहावेत. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, पण कोणी १ अँपिअर मागतो, कोणी १.५, कोणी २. यूपीएस तेवढे किंवा त्याहून जास्त अँपिअर देणारा हवा, व्होल्ट मात्र तंतोतंत तेच. दोन अॅक्सेस पॉइंट झाल्यावर आतल्यालाही वेगळा यूपीएस लागेल, हे हिशेबात धरावे. घरापर्यंत थेट फायबर येत असेल, तर मधल्या रस्त्यात वीज लागणारे उपकरण सहसा नसते आणि वीज गेली तरी जोडणी टिकते. काही स्थानिक केबलवाले मात्र इमारतीच्या डक्टमध्ये किंवा गच्चीवर स्विच बसवून तिथून प्रत्येक घरात तांब्याची केबल आणतात; त्या स्विचला बॅटरी नसेल, तर आपल्या घरातल्या यूपीएसचा उपयोग नाही. आपण जोडणी फायबरची असल्याचे लिहिले आहे, तरी ते फायबर घरातल्या राउटरपर्यंत येते की मजल्यावरच्या पेटीपर्यंतच, हे तंत्रज्ञ राउटरची जागा बदलायला येईल तेव्हा त्याच्याकडून पाहून घ्यावे, आणि यूपीएसची खरेदी त्यानंतर करावी.